गोणपाटाखालची लादी

सिंधूच्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा तिथे गोणपाट, एक चटई आणि दोन मुलं याखेरीज काहीही नव्हतं. तसं मी अहवालात लिहिलंही. अहवाल लिहिण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही, हे मी आजही म्हणते. फक्त त्या दिवशी मी जे पाहिलं ते सगळं खरं होतं आणि त्यावरून जे लिहिलं ते सगळं चूक, एवढीच काय ती भानगड झाली.

मी गौरवी. डिचोलीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. मला गल्ल्यावर बसायचं नव्हतं म्हणून मी समाजकार्य शिकले आणि एका संस्थेत लागले. माझं काम असं, की एखाद्या मुलाबद्दल शाळेकडून किंवा शेजाऱ्यांकडून तक्रार आली की त्या घरी जायचं, बघायचं, विचारायचं आणि लिहायचं. माझा कागद मग समितीपुढे जातो. मूल आईबापांकडे राहणार की बालगृहात जाणार, हे समिती ठरवते. शिकत असताना 'गरिबी' या विषयात वर्गात सगळ्यात जास्त गुण मला होते. सांगायला लाज वाटते, पण सांगून टाकते.

सिंधू मूळची चंदगडकडची. तिचा नवरा निवृत्ती लादी बसवणारा मिस्त्री. लग्न झालं आणि त्याच्यामागोमाग ती गोव्यात आली. कारापूरला पद्मावतीकाकींच्या घरालगत एक खोली भाड्याने मिळाली. निवृत्ती लादी बसवायचा, सिंधू सिमेंट-वाळूचा माल कालवून द्यायची, लाद्या उचलून द्यायची, सांधे भरायची. काम शिकायचं असं तिने कधी ठरवलं नव्हतं. निवृत्ती बसवलेल्या लादीवर हातोडीचा दांडा टकटक वाजवायचा आणि कान लावायचा. भरीव आवाज आला तर पुढे जायचं. पोकळ आला तर खाली माल कमी पडला, ती लादी उचलायची आणि पुन्हा बसवायची. काही वर्षांनी अशी वेळ आली की निवृत्तीच्या आधी सिंधूच म्हणायची, "ती तिसरी काढा, बोलतीय बघा."

दोन वर्षांपूर्वी निवृत्ती काविळीने गेला. संजना तेव्हा सात वर्षांची होती, सुधीर दोन. दिवसकार्य झालं आणि सगुण नावाचा कंत्राटदार भेटायला आला. माणूस वाईट नव्हता. दुःख झालं म्हणाला, आणि जाता जाता म्हणाला की पेडण्याकडच्या एका बंगल्यात निवृत्तीचं न्हाणीघर अर्धं राहिलंय, त्याची हत्यारं दुसऱ्या मिस्त्रीला देऊ का?

"हत्यारं घरात ऱ्हातील," सिंधू म्हणाली. "न्हाणी मी पुरी करते."

सगुण हसला. पण त्याला माणूस मिळत नव्हता, म्हणून त्याने तिला तीन ओळी बसवायला सांगितल्या. संध्याकाळी त्याने स्वतः प्रत्येक लादी वाजवून पाहिली. एकही पोकळ वाजली नाही. त्याने पुन्हा एकदा सगळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून तो तिला मिस्त्री म्हणतो, आणि त्याच्याकडचे गडी मनातून कुरकुरत का होईना तिला माल कालवून देतात.

हे सगळं मला पुढे कळलं. मी गेले तेव्हा माझ्याजवळ फक्त शाळेची चिठ्ठी होती. सिद्धी टीचरने लिहिलं होतं: संजना, इयत्ता चौथी, दर आठवड्याला एक दिवस गैरहजर असते, विचारलं तर बोलत नाही, घरी लक्ष द्यायला कुणी नसावं. टीचरच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला पोरीची काळजी होती. मी पद्मावतीकाकींना फोन केला आणि सांगितलं की सोमवारी मी घर बघायला येतेय, आईला घरी थांबायला सांगा. न सांगता कुणाच्या घरी जायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

सोमवारी गेले. खोलीत जमीनभर गोणपाट पसरलेलं, त्यावर चटई, आणि चटईवर फाटक्या फ्रॉकमध्ये संजना आणि उघडा सुधीर. चूल नाही, गॅस नाही, भांडी नाहीत, पंखा नाही. सिंधू हात जोडून उभी.

"स्वयंपाक कुठे करता?" मी विचारलं.

"करायला काय हाय बाई," ती म्हणाली.

"काल मुलांनी काय खाल्लं?"

"काय न्हाई."

संजना आईकडे बघत राहिली. सुधीरने मात्र तोंड उघडलं आणि स्पष्ट शब्दांत म्हणाला, "चिकन." सिंधूने त्याला मांडीवर ओढून त्याच्या तोंडावर पदर धरला.

आता हसू येतं, पण तेव्हा माझा जीव तुटला. भुकेलं पोर चिकनची स्वप्नं बघतंय असं मला वाटलं. 'लहान मुलाच्या बोलण्यात अन्नाचा ध्यास दिसतो,' असं मी लिहिलं. 'आई कामाला जाते, मुलं दिवसभर एकटी. घरात अन्नाची सोय नाही. आईच्या वागण्यात मुलांविषयी उदासीनता. मुलांना तूर्त बालगृहात हलवावं.' खाली सही केली आणि त्या दिवशी आपण दोन मुलांचं भलं केलं, अशा समाधानात जेवले.

समितीची तारीख पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची लागली. नोटीस हातात द्यायची होती. मी रविवारी डिचोलीहून मामाकडे कारापूरला जाणारच होते, म्हणून ती घेऊन गेले. या वेळी आधी फोन केला नाही.

दार उघडंच होतं. मी दारात उभी राहिले आणि मला वाटलं आपण भलत्याच घरात आलो. कोपऱ्यात ओट्यावर गॅस पेटलेला, त्यावर कालवण रटरटत होतं. भिंतीला फळ्या ठोकलेल्या, त्यांवर घासून लख्ख केलेले डबे. खिडकीत टेबलफॅन फिरत होता. दोरीवर मुलांचे धुतलेले कपडे. ओट्यावर कागदात गुंडाळलेले पाव. आणि गोणपाट गायब. त्याच्या जागी अशी जमीन होती की मी चप्पल दारातच काढली.

ती लादी सिंधूने बसवलेली. कामांवर कापून उरलेले तुकडे मालकांना विचारून ती पिशवीतून आणायची. निळ्या मासोळ्यांची न्हाणीघरातली लादी, लाकडासारखी दिसणारी हॉटेलातली, काळा ग्रॅनाइट, कुणाच्या तरी देवघराचा पांढरा संगमरवर. शंभर प्रकारचे तुकडे, पण सांधे असे सरळ की दोरी धरून बघावेत. सुधीर फक्त निळ्या तुकड्यांवर पाय देत खोली ओलांडायचा खेळ खेळत होता. संजना ओट्याजवळ बसून वही लिहीत होती.

सिंधूने मला पाहिलं आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला. पुढचं मी जन्मात विसरणार नाही. ती त्या भरल्या घराची माफी मागू लागली.

"बाई, ग्यास माझा न्हाई... म्हंजे माझाच हाय, पर जुना हाय. पंखा कुणीतरी टाकून दिलेला. लादी उरलेली हाय सगळी, विचारा हवं तर. नाव कापू नगा बाई. एकदा कापलंय."

"कसलं नाव?" मी विचारलं.

ती बोलायच्या आत मागच्या दाराने पद्मावतीकाकी आल्या. साठीच्या, ताठ बाई. परसात भाजी काढतात आणि बाजाराच्या दिवशी डिचोलीला नेऊन विकतात. माझ्या अंगावर जवळजवळ धावूनच आल्या.

"कसलें नांव विचारता? दोन वर्सां आदीं योजनेचो सर्व्हेवालो येवंक नाशिल्लो?" त्या म्हणाल्या. "त्याक बसूक कितें तरी जाय न्हय? म्हणून माझीं दोन कदेलां हिणें व्हेलीं. पंखो माझो व्हेलो. कप-बशी माझी, पलंगावयली चादर माझ्या सुनेची. तो मेलो कदेलार बसलो, चा पिलो, बरें घर म्हणलो, आनी सगळें हिच्या नांवार बरोवन गेलो!"

कदेल म्हणजे खुर्ची. काकींकडून मागून नेलेलं सगळं सामान सर्व्हेवाल्याने सिंधूचंच म्हणून लिहून नेलं होतं. सिंधूने पुढची गोष्ट खाली मान घालून सांगितली. निवृत्तीला जाऊन तेव्हा महिनाच झाला होता, घरात खरंच काही नव्हतं. पण सरकारचा माणूस दारात येणार म्हटल्यावर त्याला जमिनीवर कसं बसवायचं? माहेरी तिने कधी पाहुण्याला तसं बसवलं नव्हतं. तिने घर भरलं आणि गरिबांच्या योजनेच्या यादीतून तिचं नाव कापलं गेलं. त्यानंतर तिने मनाशी पक्कं केलं, की हातात कागद घेऊन येणाऱ्याला भरलं घर दाखवायचं नाही. काकींनी 'बाय घर पळोवंक येता' असा माझा निरोप दिला. सिंधूला वाटलं, पुन्हा सर्व्हे. तिने पहाटे उठून गॅस, डबे, पंखा सगळं काकींच्या पडवीत नेऊन ठेवलं, मुलांना फाटके कपडे घातले, आणि जमीन उचलून नेता येत नाही म्हणून तिच्यावर गोणपाट पसरलं. आदल्या दिवशी रविवार होता. सुधीरने खरंच चिकन खाल्लं होतं.

मग मी नोटीस काढली आणि सांगितलं, की हा सर्व्हे नव्हता, ही कुठली योजना नव्हे. मुलांना बालगृहात ठेवावं असं मी लिहिलंय आणि शुक्रवारी समिती ते ठरवणार आहे. हे मी संजनाच्या समोर बोलले. पोरगी तिथेच वही लिहीत बसलीय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. माझ्या चुकांत मला सगळ्यात जास्त टोचते ती ही.

सिंधू रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने आधी गॅस बंद केला. मग माझ्याकडे वळली आणि माफी मागणारी बाई कुठल्या कुठे गेली.

"भरलं तर नाव कापता," ती म्हणाली. "रिकामं केलं तर पोरं नेता. मग घर ठेवू कसं ते तरी सांगा की! तुमच्या पुस्तकात असंल ना लिवलेलं?"

माझ्या पुस्तकात नव्हतं. मी तसं सांगितलं.

"आनी पोरीन शाळा कित्याक चुकयली तें तरी विचारलें?" काकींनी विचारलं. पोरगी शाळा का चुकवते, तेही मी विचारलं नव्हतं. गोष्ट इतकीशी होती. कामाची गाडी सात वाजता येते, शाळा आठला भरते, अंगणवाडी साडेनऊला उघडते. रोज मधला वेळ सुधीर काकींकडे असतो आणि त्याच त्याला अंगणवाडीत सोडतात. बाजाराच्या दिवशी काकी पहाटेच टोपली घेऊन डिचोलीला जातात. त्या एका दिवशी अडीच तास सुधीरजवळ बसायला कुणी नसतं, म्हणून संजना घरी राहते. दर आठवड्याला एक दिवस गैरहजर. शाळेच्या चिठ्ठीवर वारसुद्धा लिहिलेला होता आणि डिचोलीच्या बाजारात लहानाची मोठी झालेल्या मला तो बाजाराचा वार आहे हे दिसलं नव्हतं.

सोमवारी मी आमच्या संस्थेच्या सर्वेशसरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सरांनी डोकं धरलं. मग विचार करून म्हणाले, "दुसरा अहवाल लिही. संस्थेने लक्ष घातलं आणि आठ दिवसांत परिस्थिती सुधारली, असं लिही. घर भरलेलं आहेच. मुलं घरी राहतील, तुझी चूकही झाकली जाईल. फार तर वर्षभर देखरेख लावतील."

"आणि खरं लिहिलं तर?"

"खरं लिहिलंस तर समितीला काय दिसेल? या बाईने सामान लपवलं, मुलांना खोटं बोलायला शिकवलं. समिती नवीन आहे, गौरवी. लबाड आईच्या हाती मुलं ठेवायला ते धजतील असं मी सांगू शकत नाही. जोखीम घेऊ नकोस."

सर मला वाचवत होते आणि सिंधूलाही. मी खूश होऊन संध्याकाळी कारापूरला गेले आणि तिला ही तोड सांगितली. ती हातपाय धूत होती. सिमेंट नखांतून निघत नाही, ती दगडाने घासत होती.

"सुधारली म्हंजे?" तिने विचारलं. "आधी वाईट हुती व्हय?"

"तसं नाही, पण कागदावर..."

"आन् देखरेख म्हंजे काय?"

"महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन बघून जाईल."

"माझा डबा उघडून?" ती म्हणाली. "न्हाई बाई. माझी पोरं मी सांभाळली, तुमच्या संस्थेनं न्हाई. सुधारली असं तुम्ही लिवलं की आधी म्या बिघडवली असं झालं. पोरगी मोठी होऊन वाचंल ते. खरं हाय ते लिवा."

मी तिला सरांना वाटणारी भीती सांगितली. मुलं खरंच जाऊ शकतात, हेही सांगितलं. या वेळी मात्र आधी संजनाला बाहेर पाठवलं. सिंधू घाबरली होती हे मला दिसत होतं. मग तिने हात पुसले आणि चटई घातली.

"बसा. म्या सांगते, तुम्ही लिवा."

इतक्या वर्षांत मी ढीगभर अहवाल लिहिले असतील. ज्याच्याविषयी लिहिलं त्याला तो अहवाल वाचून दाखवलाय, असं एकदाही झालं नव्हतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं. त्या दिवशी एकेक वाक्य लिहून मी मोठ्याने वाचत होते आणि सिंधू ऐकत होती. जिथे पटायचं नाही तिथे ती हात वर करायची.

मी लिहिलं, 'परिस्थितीने गांजलेली विधवा.' तिचा हात वर.

"मिस्त्री लिवा."

मी लिहिलं, 'अज्ञानामुळे सामान लपवले.'

"अज्ञान कसलं? पहिल्या बारीला घर भरून नाव गेलं म्हणून लपवलं. भ्यायले म्हणून लपवलं. असं लिवा." मग थोडं थांबून म्हणाली, "पोरांना खोटं बोलाया लावलं ते चुकलं. तेबी लिवा. ते माझं चुकलं."

माझ्या चुकांचा परिच्छेद सगळ्यात लांब झाला. तो तिने दोनदा वाचायला लावला, आणि दुसऱ्यांदा तिला थोडं हसू आलं. शेवटी तिने अंगठा न उठवता सही केली. सरांनी तो कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यावर संस्थेचा शिक्का मारला.

शुक्रवारी आम्ही समितीपुढे गेलो. सिंधू कामावर नेसते तीच साडी नेसून आली होती, धुतलेली. सुधीर तिच्या कडेवर. संजनाच्या पाठीवर दप्तर होतं आणि ते ती कुणाला हात लावू देत नव्हती. आई शाळा बुडू देत नाही हे दाखवायला आणलं असेल, असं मला वाटलं. मी अजूनही सगळ्यांत दिखावाच शोधत होते.

अध्यक्षबाई पन्नाशीच्या, चष्म्याआडून रोखून बघणाऱ्या. त्यांनी माझे दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले होते. "यातला खोटा कुठला?" त्यांनी मला विचारलं.

"पहिला," मी म्हणाले. "त्यात बघितलेलं आहे, विचारलेलं काही नाही."

मग त्या सिंधूकडे वळल्या. "सामान लपवलंत तुम्ही. आज खरं बोलताय हे मी कशावरून मानू?"

"नका मानू," सिंधू म्हणाली. "पोरांना इचारा."

त्यांनी सुधीरला जवळ घेतलं. "काल घरी काय खाल्लंस, बाळा?"

"चिकन," सुधीर म्हणाला.

सिंधूने तोंड उघडलं नसतं तर ते उत्तर तिच्याच फायद्याचं होतं. पण ती पटकन म्हणाली, "न्हाई बाई, काल डाळ-भातच हुता. ह्याला रोजच चिकन दिसतं."

समितीतली माणसं हसली. अध्यक्षबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढला. सिद्धी टीचर आली होती, तिला त्यांनी बोलायला सांगितलं. टीचर बिचारी अवघडून म्हणाली की बाजाराच्या दिवसाचं मला माहीत नव्हतं. अंगणवाडी शाळेच्या शेजारीच आहे, साडेनऊपर्यंत सुधीरला मी माझ्या वर्गात बसवून घेईन. "पण एक सांगायला हवं," ती म्हणाली. "या आठवड्यात संजना पुस्तकं आणत नाही. रोज दप्तर आणते, पण ते उघडतच नाही. मी ओरडले तरी नाही."

सिंधू चमकली. "पुस्तकं न्हेत न्हाईस?" तिने विचारलं. संजनाने दप्तराचे पट्टे आणखी घट्ट धरले. अध्यक्षबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, संपलं.

त्या लिहीत होत्या तेवढ्यात त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली आणि सिंधूची नजर खाली गेली. तिची टाच केव्हापासून जमिनीवर हलके आपटत होती हे मला आत्ता कळलं.

"बाई, एक सांगू?" ती म्हणाली. "तुमच्या खुर्चीखालची लादी पोकळ हाय. डाव्या पायाखालची. आज ना उद्या फुटंल, पडाल."

अध्यक्षबाईंनी खाली वाकून पेनाने ती लादी वाजवली. मग शेजारची वाजवली. आवाजातला फरक आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. त्यांनी पुन्हा एकदा वाजवली, अगदी सगुणने वाजवली होती तशी.

"हे तुम्हाला बसल्या जागी कळलं?"

"मी मिस्त्री हाय," सिंधू म्हणाली. "अहवालात लिवलंय."

मुलं आईकडेच राहतील, देखरेखीची गरज नाही, प्रकरण बंद. अध्यक्षबाईंनी निकाल स्वतः वाचून दाखवला आणि शेवटी सिंधूला विचारलं की यातलं काही बदलायचं आहे का. असं विचारावं हे कुठल्याच नियमात नव्हतं. सिंधू म्हणाली, "न्हाई, बराबर हाय."

बसमधून येताना सिंधू सगळ्या वाटेवर बोलत होती. कुठल्या इमारतीत कुणी कशी लादी बसवलीय, कुणाचा उतार चुकलाय. मीही बोलत होते. मला फार मोकळं वाटत होतं. संजना खिडकीशी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

घरी पोचल्यावर काकींनी चहा टाकला. सिंधूने माझ्यासाठी खुर्ची आणली नाही, "बसा," म्हणाली, आणि मी त्या लादीवर बसले. मग तिने मुलीला जवळ बोलावलं. "दे बघू ते दप्तर. पुस्तकं कुठं टाकलीस?"

"डब्यामागं ठेवलीत," संजना म्हणाली. "दप्तरात मावत न्हवती."

तिने चेन उघडली आणि आतून एकेक वस्तू काढून लादीवर ठेवायला लागली. सुधीरच्या दोन चड्ड्या. त्याचा लाल शर्ट. तिचा फ्रॉक. टॉवेल. एका कागदात बांधलेला पाव, चार दिवसांचा, दगड झालेला. आणि सुधीर जो उशाशी घेऊन झोपतो तो आईच्या जुन्या साडीचा तुकडा.

"त्यो साडीबिगर झोपत न्हाई," संजना म्हणाली. "साळंतनंच न्यायला आली असती गाडी तर घरी येता आलं नसतं ना. म्हणून रोज घेऊन जात हुते."

नऊ वर्षांची मुलगी पाच दिवस हे पाठीवर घेऊन फिरत होती, वर्गात ओरडा खात होती, आणि हे ओझं तिच्या पाठीवर मी ठेवलं होतं. मला रडू आवरेना. काकी पदराने डोळे पुसत आत गेल्या. सिंधूने तो साडीचा तुकडा उचलला, तोंडावर धरला आणि पहिल्यांदा, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, हमसून हमसून रडली. सुधीर निळ्या तुकड्यांवरून उड्या मारत आला आणि तिच्या गळ्यात पडला.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं. मुलीला पोटाशी धरलं, बराच वेळ सोडलं नाही. मग उठून डब्यामागची पुस्तकं काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि संजनाच्या हातात दिली.

"कपडे दोरीवर टाक," ती म्हणाली. "आन् ही भर त्यात. उद्या साळा हाय."